स्पोर्ट्स कार : पूर्ण पैसे भरून की कर्ज काढून? (मुंबई पासिंग)

कांदिवली_कूपे :
नमस्कार मंडळी. दोन दारांची, पूर्ण आयात होऊन येणारी पेट्रोल कूपे घ्यायची आहे. एक्स-शोरूम १ कोटी, ऑन-रोड (कर, विमा सगळं धरून) साधारण १ कोटी २५ लाख. पासिंग बोरिवलीला (एमएच ४७), स्वतःच्या नावावर. नोकरी पगाराची, सध्या कुठलाही हप्ता नाही, एफडीत १ कोटी ३० लाख.

डीलरने तीन पर्याय दिलेत. एक, सगळे पैसे माझे. दोन, ८० लाखांचं पाच वर्षांचं कर्ज, "फक्त ५ टक्के फ्लॅट". तीन, ८० लाख चार वर्षांसाठी, त्यातले ४० लाख शेवटी एकरकमी. याचा दर ९ टक्के रिड्युसिंग. सेल्सवाल्याचं म्हणणं असं : एफडी मोडू नका, ८० लाखांवर ७ टक्क्यांनी पाच वर्षांत ३३ लाख व्याज मिळेल, कर्जाला मात्र २० लाखच जातात.

हे खरं आहे का? आणखी एक, दोनेक वर्षांत मोठं घर घ्यायचा विचार आहे.

हिशोबनीस :
नाही, खरं नाही. आकडे बरोबर आहेत, तुलना चुकीची आहे. कर्जाचा हप्ता एफडीतून जात नाही, तुमच्या पगारातून जातो. गाडी स्वतःच्या पैशाने घेतली तर तोच हप्ता दरमहा तुमच्याकडे उरतो. तोही हिशोबात धरा.

८० लाख, ९ टक्के, ६० महिने : हप्ता १,६६,०६७ रुपये. आता दोन माणसं घ्या. पहिला कर्ज काढतो आणि ८० लाखांची एफडी तशीच ठेवतो. ७ टक्क्यांतून ३० टक्के कर आणि सेस गेला की हातात ४.८ टक्के उरतात, म्हणजे पाच वर्षांनी सुमारे १ कोटी २ लाख. दुसरा एफडी मोडून पैसे भरतो आणि तोच १,६६,०६७ चा हप्ता आरडीत टाकतो. त्याचे त्याच दराने १ कोटी १२ लाख होतात. साडेदहा लाखांचा फरक, आणि तो पूर्ण पैसे भरणाऱ्याच्या बाजूने. (पगार ५० लाखांवर असेल तर सरचार्जमुळे ४.८ चेही ४.६ होतात.)

आता "५ टक्के फ्लॅट". ८० लाख गुणिले ५ टक्के गुणिले ५ वर्षं, व्याज २० लाख, हप्ता १,६६,६६७. वर ९ टक्के रिड्युसिंगला जवळपास हाच हप्ता आलाय ना? फ्लॅट ५ म्हणजे रिड्युसिंग सव्वानऊच्या आसपास. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, फ्लॅटमध्ये मात्र व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८० लाखांवर लागतं. कोटेशनवर विसंबू नका, केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाच्या दराचा आणि खर्चाचा तक्ता) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना हा तक्ता देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून एपीआर (कर्जाचा एकूण वार्षिक दर) लिहिलेला असतो, तोच खरा दर.

ताडदेव_शून्यएक :
हिशोबनीसांनी व्याजाचं सांगितलंच आहे, मी कागदांचं सांगतो.

"कॅशने घेतो" म्हणताना नोटा डोक्यात असतील तर काढून टाका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख डीलरला घेताच येत नाही. चार दिवस थोडी थोडी भरूनही सुटका नाही, कारण व्यवहार एकच धरतात. दंड रोख घेणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा. म्हणून आरटीजीएस, तेही डीलर कंपनीच्या खात्यावर आणि तुमच्या स्वतःच्या खात्यातून. मोठ्या रकमेला नेट बँकिंगची रोजची मर्यादा आडवी येते, शाखेत जाऊन फॉर्म भरावा लागतो, तेव्हा डिलिव्हरीच्या दिवसावर ठेवू नका. वडिलांच्या खात्यातून काही रक्कम येणार असेल तर आधी स्वतःच्या खात्यात घ्या आणि गिफ्टचा साधा लेखी कागद करून ठेवा.

रोड टॅक्स : महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के, पण आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. म्हणजे तुमचे २० लाख यातच गेले. कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० वरून ३० लाखांवर नेली. १ टक्का टीसीएस (डीलरने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर) वेगळा, पण तो तुमच्या आयकर विवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. तो खर्चात धरू नका.

शेवटचे पैसे सोडण्याआधी गाडी प्रत्यक्ष पाहा. चॅसी नंबरचं दहावं अक्षर बघा, बऱ्याच कंपन्या त्यात मॉडेलचं वर्ष देतात : आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. आयात गाड्या यार्डात पडून राहतात, जुन्या वर्षाची असेल तर भाव करायची हीच वेळ. एकदा आरटीजीएस गेलं की तुमच्या हातात काही राहत नाही. कर्जातही तेच : बँकेने रक्कम सोडली त्या दिवसापासून व्याज सुरू होतं, गाडी बंदरात अडकली तरी. डिलिव्हरी ऑर्डर (बँकेचं डीलरला कर्जमंजुरीचं पत्र) निघाली तरी रक्कम टॅक्स इन्व्हॉइस झाल्यावरच सोडू, हे बँकेकडून लेखी घ्या.

आणि भाव आधी ठरवा, पैसे कसे देणार ते नंतर सांगा. पूर्ण पैसे भरणाऱ्याला जास्त सूट मिळते हा समज जुना झाला. डीलरला कर्ज आणि विमा दोन्हींवर पेआउट (कमिशन) मिळतो, त्यामुळे कर्जवाला त्याला जास्त हवा असतो.

वरळी_वळण :
तिसरा पर्याय, बलून. कृपया घेऊ नका. ८० लाख, ४८ महिने, ९ टक्के, शेवटी ४० लाख : हप्ता १,२९,५४०. साध्या कर्जात तोच १,९९,०८० झाला असता, म्हणून स्वस्त वाटतो. पण एकूण व्याज साध्यात १५.५६ लाख, बलूनमध्ये २२.१८ लाख. ते ४० लाख चार वर्षं न फिटता व्याज खात राहतात. हमीची बायबॅक (ठरल्या किमतीला गाडी परत घेण्याचा करार) जोडलेली असली तरी किलोमीटरची मर्यादा आणि गाडीच्या स्थितीच्या अटी ओळ न ओळ वाचा. मुंबईत लो-प्रोफाइल टायर आणि अलॉय पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून धड बाहेर येत नाहीत, आणि परत घेताना अलॉयवरचा प्रत्येक ओरखडा मोजला जातो.

विम्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर टोटल लॉसचा (गाडी पूर्ण गेल्याच्या भरपाईचा) चेक आधी बँकेकडे जातो. दोन वर्षं ओलांडली की ठरलेल्या तक्त्याने आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ३० टक्के घटते, १ कोटीचे ७० लाख. सात वर्षांचं ९० लाखांचं कर्ज घेतलेल्याकडे त्या वेळी ९ टक्क्यांनी ६९.८ लाख बाकी असतात. गाडी गेली, बँक फिटली, तुमच्या हातात वीस हजार. भरलेला रोड टॅक्सही त्यात गेला. म्हणून कर्ज असो वा नसो, रिटर्न टू इन्व्हॉइस (बिलाएवढी भरपाई देणारं कव्हर) घ्या आणि त्यात रोड टॅक्स धरलाय का ते पॉलिसीत वाचा. झीरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं), टायर कव्हर आणि इंजिन प्रोटेक्टही घ्या. जमिनीला टेकलेली गाडी मिलन सबवेच्या पाण्यात एकदा बंद पडली आणि कुणी पुन्हा स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

कांदिवली_कूपे :
खूप आभार. म्हणजे सरळ एफडी मोडू? आणि एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढला तर?

हिशोबनीस :
ओव्हरड्राफ्ट वाहनकर्जापेक्षा बरा. दर साधारण एफडीच्या वर १ टक्का, आरसीवर बोजा नाही, वापरलेल्या रकमेवरच व्याज, जमेल तसं फेडा. पण एफडीवर लिएन (बँकेचा तारण-हक्क) लागतो, ती रक्कम घरासाठी वापरता येणार नाही. आणि घराचाच प्रश्न मोठा आहे, व्याजाचा नाही.

३ कोटींचं घर धरा. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. तुमचे ७५ लाख, मुंबईतली ६ टक्के स्टॅम्प ड्यूटी १८ लाख, नोंदणी ३० हजार. मिळून ९३ लाख तयार लागतात. गाडी पूर्ण पैशाने घेतलीत तर एफडीत ५ लाख उरतील. दोन वर्षं १,६६,०६७ दरमहा बाजूला टाकलेत तर करानंतर सगळे मिळून ४७ लाख. एवढ्यात दीड कोटीचं घर बसतं, तीनचं नाही.

कर्ज काढलंत तर वेगळी अडचण. १,६६,०६७ च्या हप्त्यामुळे गृहकर्जाची पात्रता, साडेआठ टक्के आणि २० वर्षांच्या हिशोबाने, सुमारे १ कोटी ९१ लाखांनी खाली येते. गृहकर्जाचा अर्ज करायच्या आधी गाडीचं कर्ज बंद करावंच लागेल. तेव्हा बाकी ५२ लाख असेल.

माझं स्पष्ट मत : घर ३ कोटींचंच हवं असेल तर आधी घर, मग गाडी. घराचं बजेट दीड कोटी चालणार असेल तर एफडी मोडा आणि गाडी घ्या. एफडीची मुदत कधी संपते ते पाहून बुकिंग करा, म्हणजे मोडल्याचा दंड वाचेल. तरीही कर्जच घ्यायचं ठरलं तर फ्लोटिंग (बाजारानुसार बदलणाऱ्या) दराचंच घ्या. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींनी व्यवसायाखेरीज घेतलेल्या फ्लोटिंग कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. फिक्स्डवर घेतात, वर १८ टक्के जीएसटी. सरकारी बँकेत फ्लोटिंग वाहनकर्ज आहे का ते आधी विचारा.

ताडदेव_शून्यएक :
कर्ज फेडल्यावर एवढं विसरू नका : बँकेकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा काढण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन सही-शिक्क्याच्या प्रती. एनओसी बहुधा ९० दिवसच चालते. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर अर्ज करून आरसीवरचा बोजा काढा, मग पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढून घ्या. हे राहिलं की गाडी विकायच्या दिवशी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकत नाहीत.