एसडीएमसीचे मेंबर म्हणतात शाळा एकदम चांगली, गल्लीतले म्हणतात बेकार. नेमकं बघायचं काय?

वडगावची_ताई

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी चौथीत आहे, आमच्या बेळगावातल्या वडगाव भागातल्याच सरकारी मराठी शाळेत, आणि यंदा मला एसडीएमसीत, म्हणजे शाळेवर लक्ष ठेवणाऱ्या पालकांच्या कमिटीत, घेतलंय. मिस्टर यंत्रमागावर जातात, मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळं आतापर्यंत गॅदरिंगला आणि पंधरा ऑगस्टला शाळेत जायचं तेवढंच होतं, आतलं काही माहीत नव्हतं. आता मीटिंगला बसायला लागल्यापासून एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून इथं विचारालेय.

मीटिंगमध्ये शाळेचा प्लॅन करायचा होता, तेव्हा दर्जाचा विषय निघाला. सगळे मेंबर एका सुरात, चांगला आहे की, आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगला. कशावरनं म्हटलं तर कंपाउंड झालं, पोरींचं संडास वेगळं झालं, वर्गात टीव्ही बसला, जेवणात अंडं मिळतंय, बाई मारत नाहीत. हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही, आमच्या वेळेला तर पावसाळ्यात अर्धा वर्ग गळायचा. पण त्याच दिवशी संध्याकाळी नळावर शेजारणी म्हणतात सरकारी शाळेत शिकवतात काय, पोरं भात-सांबार खायला जातात नुसती, आम्ही पोराला कॉन्व्हेंटला घातलंय बघ. म्हणजे आत बसलेल्यांना सगळं चांगलं दिसतंय आणि बाहेरच्यांना सगळं वाईट, आणि दोन्हीकडची माणसं आपलीच, खोटं बोलणारी नव्हेत.

आता माझं बघितलेलं सांगते. मुलगी पुस्तकातला धडा धडाधडा वाचते, बोट पण ओळीवरनं बरोबर फिरतंय. परवा ब्लाऊजपीस गुंडाळून आलेला पेपरचा तुकडा तिच्या हातात दिला, म्हटलं हे वाच बघू, तर "पाणीपुरवठा" वर अडली. पाणी म्हणाली आणि तिथंच थांबली, मग माझ्या तोंडाकडं बघून पुढचं अंदाजानं बोलायला लागली, जे त्यात लिहिलेलंच नव्हतं. धडा तिला पाठ आहे, वाचायला येत नाही, असं मला वाटतंय. मार्ककार्डवर मात्र ए ग्रेड.

तर विचारायचं हे, की मेंबर म्हणून मी हे मीटिंगमध्ये काढू शकते काय? हेडसर माणूस चांगला आहे, बाई पण जीव लावून करतात, त्यांना वाईट वाटायला नको. आणि शाळा चांगली का वाईट हे आमच्यासारख्या कमी शिकलेल्यांनी ओळखायचं तरी कशावरनं?

---

अनगोळकर७२

ताई, मी आमच्या भागातल्या शाळेचा एसडीएमसी अध्यक्ष होतो, पोरगा सातवी होऊन बाहेर पडला तसं माझं मेंबरपण संपलं, कारण पोरगं शाळेत असेल तोवरच पालक मेंबर. म्हणून मेंबर लोकांच्या बाजूनं बोलतो.

मेंबर चांगली म्हणतात त्याला कारणं आहेत. आपल्या शाळेतले परमनंट शिक्षक डीएड बीएड करून, अलीकडचे तर टीईटी ही पात्रता परीक्षाही पास होऊन, सरकारच्या सिलेक्शनमधनं आलेले असतात. गल्लीबोळातल्या लहान इंग्लिश मीडियममध्ये कोण शिकवतंय आणि काय पगारावर शिकवतंय ते एकदा जाऊन विचारा. पुस्तकं फुकट, युनिफॉर्म फुकट, दूध २०१३ पासून मिळतंय, अंडं २०२४ पासून आठवड्यातनं सहा दिवस झालं, त्यासाठी अझीम प्रेमजी फाउंडेशननं सरकारला पैसे दिलेत. नसेल खात त्याला केळं. मागावर, फाउंड्रीत जाणाऱ्या घरातल्या पोराला हे लहान नाही.

पण दुसरं एक कारण आहे ते कोण उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. मेंबरला भीती असतेय. मीटिंगमध्ये कोणी म्हटलं पोरांना वाचायला येत नाही, की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वडगावात होतंय. मग जूनमध्ये चारजण दाखले काढून नेतात. पट खाली आला की शिक्षक हेच्चुवरी म्हणजे जादा ठरतो, बदलीचं काउन्सेलिंग लागतं, चांगली बाईच दुसरीकडं जाते, मग राहिलेले पालकही विचार करायला लागतात. बेळगावात मराठी शाळा आधीच एवढ्याशा पटावर चालालेत, एका किलोमीटरात दोन-तीन सरकारी शाळा, प्रत्येकीत मूठभर पोरं, त्यात आपणच आपल्या शाळेला नावं ठेवायची म्हणजे जिवावर येतंय. मी अध्यक्ष असताना बाहेर कोणी विचारलं तर चांगली आहे म्हणूनच सांगायचो आणि आजपण सांगेन. मराठी शाळा एकदा बंद पडली की परत उघडत नाही, हे सीमाभागात राहून कळत नसेल तर मग कधी कळणार.

तुम्ही विषय काढा, पण आधी हेडसरांशी एकटं बोला. चारचौघांत नको.

---

उद्यमबाग_फिटर

माझी दोन्ही पोरं इंग्लिश मीडियमला आहेत, मराठीवर राग नाही, घरात मराठीच. कारण सांगतो. तीन वर्षाच्या पोराला मराठी शाळा घेत नाही, पहिलीपासून घेतेय, तोवर ते पोरगं एलकेजी यूकेजी करून तिकडंच रुळलेलं असतंय, परत आणणार कोण? दुसरं म्हणजे फॅक्टरीत ड्रॉइंग इंग्लिशमध्ये, मशीनचं मॅन्युअल इंग्लिशमध्ये, इंटरव्ह्यू इंग्लिश नाहीतर कन्नडमध्ये. बाप म्हणून ते दिसतंय. २०१९-२० ला सरकारनं स्वतःच हजार सरकारी शाळांत इंग्लिश मीडियम सुरू केलं, मग आम्ही काय वेगळं केलं. कंपाउंड आणि टीव्ही बघून शाळा ठरवायची नाही एवढं मात्र ताईंचं एकदम बरोबर आहे, खाजगीत पण लोक टाय आणि बूट बघूनच चांगली म्हणतात, पोराला पेपर वाचायला दिलाय का कोणी.

---

खानापूरचे_गुरुजी

ताई, मी रिटायर्ड शिक्षक, नोकरी निम्मी खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या शाळांत आणि शेवटची वर्षं शहरात. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आख्ख्या नोकरीत मीटिंगमध्ये असा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही. सगळे विचारायचे ते स्वेटर कधी, पत्रे कधी, गॅदरिंगला पाहुणा कोण.

अधिकार आहे काय तर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. कमिटीत ७५ टक्के पालक, निम्म्या बायका, आणि काम काय तर शाळेच्या कामावर देखरेख, प्लॅन करणं, अनुदान कसं खर्च होतंय बघणं. प्लॅनचं कलम २२ आहे, त्यावरच अनुदान ठरायचं असतं. आणि कलम २४ तर शिक्षकांवर जबाबदारी टाकतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची, मागं असेल तर जादा शिकवायचं आणि पालकांना बोलावून प्रगती सांगायची. म्हणजे तुम्ही विचारलंत तर ते कायद्यातलंच विचारणं झालं, कुणाचा अपमान नव्हे.

दुसरं, शहराबद्दल एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. खेड्यातल्या पोरांचं वाचन तपासायला असर म्हणून सर्व्हे आहे, २००५ पासून. ते घरी जाऊन पोराला अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट असं चढत्या क्रमानं वाचायला देतात, म्हणजे शाळेच्या मार्कांशी त्याचा संबंध नाही. पण तो फक्त ग्रामीण भागात होतो. वडगाव, शहापूर, खासबागमधलं पोरगं त्यात कधीच येत नाही. सरकारची चाचणी होते, २०२१ ला नॅस झाली, २०२४ च्या डिसेंबरात परख झाली तिसरी, सहावी, नववीची, पण ती निवडक शाळांत, आणि निकाल जिल्ह्याचा कळतो, तुमच्या शाळेचा नाही. मग शहरातल्या मेंबरच्या हातात राहतं काय? एफए आणि एसए म्हणजे वर्षभरातल्या चाचण्या आणि सत्र परीक्षांचे मार्क, त्या शाळाच घेते आणि शाळाच देते, आणि प्रश्न त्याच पुस्तकातले. म्हणून तुमच्या मुलीला ए ग्रेड. त्यात बाईंनी लबाडी केली असं अजिबात नाही, पुस्तकातलं विचारलं ते तिला आलं.

बाईंची अडचण पण बघा. पहिली ते तिसरी नलीकली, तिन्ही वर्ग एका खोलीत, मुलं गटात बसून आपापल्या पायरीची कार्डं घेऊन शिकतात. पद्धत चांगलीच आहे, १९९५ ला म्हैसूर जिल्ह्यात एचडी कोट्याला शिक्षकांनीच उभी केली, मी स्वतः शिकवलंय, कार्ड हातात घेऊन स्वतः पुढं जाणारं पोरगं बघून समाधान वाटतंय. पण ती चालते शिक्षक रोज वर्गात असेल तर. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक हा नियम, त्यातला एक हेडमास्तर, त्याला माहिती भरायची, बँक, दासोहचा म्हणजे दुपारच्या जेवणाचा हिशेब, ट्रेनिंग. वर सर्व्हे. २०२५ च्या दसऱ्याला शिक्षक जातगणतीला घरोघरी फिरत होते, शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. कार्ड हातात घेऊन पोरगं बसतंय, पण त्याचं वाचणं ऐकायला समोर माणूसच नाही. असं पोरगं चौथीत आलं की एकदम जाड पुस्तक, मग ते बिचारं धडा पाठ करून टाकतंय, कारण पाठांतर त्याला जमतंय.

आता कसं करायचं. असरचे वाचायचे नमुने नेटवर मराठीत फुकट मिळतात, एक पान प्रिंट काढायचं. मीटिंगमध्ये "मुलांना येत नाही" असं म्हणू नका, "बाई, तिसरी-चौथीच्या मुलांचं नवीन उताऱ्यावर वाचन घेऊया, आम्ही मेंबर मदतीला बसतो" असं म्हणा. प्रत्येक मुलाला एकेक करून बाजूला घ्यायचं, सगळ्यांसमोर नाही, पोरं लाजतात. नावापुढं अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट एवढंच लिहायचं. त्या कागदावरनं प्लॅनमध्ये लिहायचं की अमुक मुलांसाठी रोज अर्धा तास वाचन. समुदायदत्त शाळे, म्हणजे शाळा समाजाकडं, हा कार्यक्रम होतो ना पालकांसमोर, तिथं पोरांना पाठ केलेलं भाषण म्हणायला लावण्यापेक्षा हे वाचन दाखवा.

---

निपाणीची_मावशी

गुरुजींनी कलम सांगितलं ते बरोबर पण आमच्याकडं परिपत्रक येतंय कन्नडमध्ये आणि ठराव पण कन्नडमध्ये लिहितात. आम्ही बायका सह्या करतो, घरी येऊन कळत नाही कशावर केली. कन्नड येऊ नये असं नाही, शिकलंच पाहिजे, माझी नात शाळेत कन्नड छान वाचते. पण कमिटीत मराठी शाळेच्या आयांना बसवलंय तर ठराव सही करायच्या आधी मराठीत वाचून दाखवा की, एवढं तर करता येतंय. आणि मीटिंग सकाळी अकराला ठेवतात, विडी वळणारीचा, मागवाल्याचा दिवस जातो. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटल्यावर ठेवली तर सगळे येतील.

---

सीमाभाग_वाचक

मी शिक्षणावरच शिकतोय म्हणून थोडं वेगळं सांगतो. आत बसलेल्याला चांगलं दिसतं आणि बाहेरच्याला वाईट हे बेळगावचंच नाही. अमेरिकेत फाय डेल्टा कप्पा नावाची संघटना १९६९ पासून लोकांना शाळांबद्दल विचारत आलीय, त्यात वर्षानुवर्षं एकच दिसतं, स्वतःच्या गावच्या शाळांना लोक चांगली ग्रेड देतात आणि देशातल्या एकूण शाळांना खराब. जवळनं बघितलेली शाळा माणसांमुळं आवडते, लांबची ऐकीव गोष्टींवर ठरते.

फरक कुठं आहे तर तिथं बऱ्याच ठिकाणी स्कूल बोर्ड मतदानानं निवडून येतं, मुख्य अधिकारी तेच नेमतं, बजेट तेच मंजूर करतं. सगळीकडं नाही, शिकागोत १९९५ पासून महापौरच बोर्ड नेमत होता, २०२४ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा लोकांनी काही मेंबर निवडून दिले. आपल्या एसडीएमसीच्या हातात ना नेमणूक ना बदली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते गुरुजींनी सांगितलेलं. तिथल्या काही मोठ्या शहरांच्या सरकारी शाळांची २००२ पासून वेगळी वाचनाची आणि २००३ पासून गणिताचीही चाचणी होते, बाहेरची संस्था घेते, निकाल शहराच्या नावानं छापून येतो. मग बोर्ड मेंबर कितीही चांगली म्हणाला तरी समोर कागद असतो, आणि तिथं वाद त्या कागदावर होतो. आपल्याकडं खेड्याला असर आहे आणि शहर रिकामं. बेळगाव २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, पण शहरातल्या सरकारी शाळेतल्या चौथीच्या पोराला गोष्ट वाचता येते का, हे बेळगावचं म्हणून सांगणारा असा कागद नाही.

अनगोळकर साहेब, तुमची पटाची भीती मला पटते. पण पोरांना वाचता येत नाही हे पालकांना घरी कळतंच, जसं ताईंना कळलं. मेंबर गप्प बसले म्हणून दाखले थांबत नाहीत, उलट काही सुधारणार नाही असं वाटलं की पालक न सांगता जातात.

---

अनगोळकर७२

हे मान्य. माझ्या वेळेला जे गेले ते भांडून गेले नाहीत, गुपचूपच गेले. पण वाचनाचा कागद बाहेर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका एवढं मात्र ऐका, पोरांची नावं असतात त्यात.

---

वडगावची_ताई

सगळ्यांचे आभार. आज हेडसरांना भेटले, पेपरच्या तुकड्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले चौथी-पाचवीचं मला पण वाटत होतं, पण वरनं कोण विचारत नाही म्हणून राहिलं. शनिवारी शाळा सुटल्यावर वाचन घ्यायचं ठरलंय, दोन मेंबर यायला तयार झाल्यात, एकजण म्हणाली मला स्वतःला वाचायला नीट येत नाही मग मी काय तपासणार. गुरुजी, तिला काय काम द्यावं? तिला यायचं आहे.

---

खानापूरचे_गुरुजी

तिला मुलांची नावं पुकारून एकेकाला आत पाठवायला बसवा, आणि वाचून झालं की पोराला गोष्टीत काय होतं ते तोंडी सांगायला लावून तिनं ऐकायचं. समजून वाचलं असेल तर तिला गोष्ट कळेल. गणितात वजाबाकी पण घ्या, हातच्याची, ५२ वजा २७ सारखी, चौथीत तीच जास्त अडते.