अलीकडच्या पुस्तकांनी तुम्हाला काय दिलं, काय नाही? : अनुभव लिहा

गेल्या दोन-तीन वर्षांत आलेलं किंवा गाजलेलं काही वाचलं असेल तर त्याबद्दल लिहा. परीक्षण नको, गोष्टीचा सारांशही नको. कुठे थांबावंसं वाटलं, कशाचा राग आला, कोणतं पान पुन्हा उघडलं, एवढं सांगा. आवडलं नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करते. अरुंधती रॉय यांचं 'मदर मेरी कम्स टू मी' (२०२५). मेरी रॉय हे नाव मला कोर्टाच्या निकालामुळे ठाऊक होतं. त्रावणकोरच्या जुन्या वारसा कायद्यात सिरियन ख्रिस्ती मुलीला भावाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय त्याविरुद्ध लढल्या आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. अशा बाईबद्दल लांबून आदर वाटणं सोपं आहे. तिचं मूल असणं किती अवघड होतं, ते या पुस्तकात आहे. तिच्याच शाळेत शिकणारी तिची मुलं तिला 'मिसेस रॉय' म्हणायची. आईला दम्याचा विकार, आणि आपण जणू तिचं फुप्फुस आहोत असं लहानग्या लेखिकेला वाटायचं. तिथे मी पुस्तक मिटलं. माझ्या आईलाही दमा होता. रात्री तिची धाप ऐकत पडून राहायचं आणि ती थांबली की जास्त भ्यायचं, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लेखिका आईला माफ करून मोकळी होत नाही आणि तिच्यावर खटलाही चालवत नाही. मला तेच खरं वाटलं.

*

सलमान रश्दी, 'नाइफ' (२०२४). मी फिजिओथेरपिस्ट आहे, हातांच्या दुखापतींवर काम करते. त्यामुळे मी या पुस्तकात भलत्याच जागी अडकले. १२ ऑगस्ट २०२२ ला रश्दींवर झालेला चाकूहल्ला, सत्तावीस सेकंद, गेलेला उजवा डोळा, हे सगळ्यांना माहीत आहे. डाव्या हाताबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटलेला हात पुन्हा कामाला लावणं हे फार चिवट काम असतं. पेशंट रोज विचारतो, मूठ कधी वळेल? मग एखाद्या सकाळी बोट कालपेक्षा जरासं जास्त वाकतं. बघणाऱ्याला फरक कळतही नाही, पण आम्हा दोघांचा दिवस चांगला जातो. बरं होण्यातला हा कंटाळा आणि हे वेदनेचं रोजचं वेळापत्रक रश्दींनी प्रामाणिकपणे लिहिलंय. माझ्या एका पेशंटला मी तेवढी पानं वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे त्यांनाही चिडचिड व्हायची तर."

हल्लेखोराचं नाव न घेता त्याला नुसतं 'ए' म्हटलंय, ते पटलं. त्याच्याशी रचलेला काल्पनिक संवाद मात्र मला पुस्तकाचा सगळ्यात कच्चा भाग वाटला. प्रश्न लेखकाचे आणि उत्तरंही त्यानेच बेतलेली. समोरचा माणूस तिथे उभाच राहत नाही.

*

'ऑर्बिटल', समांथा हार्वी, २०२४ चं बुकर. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. काहीच घडत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली. पण वर असतानाच त्यांच्यातल्या चिए नावाच्या बाईला तिची आई गेल्याचं कळतं. खाली येणं शक्य नाही. ती याद्या करते, प्रयोगातल्या उंदरांची देखभाल करते, ठरलेली कामं उरकते.

माझी आई गेली तेव्हा मी परदेशात होतो, पोचू शकलो नाही. त्या दिवशी मी ऑफिसच्या ईमेलना उत्तरं देत बसलो होतो आणि त्यावरून नातेवाइकांनी पुष्कळ बोल लावले. तेव्हा मला काही सांगता आलं नव्हतं. आता कुणी विषय काढला तर हे पुस्तक हातात देईन.

*

मी इतिहास शिकवतो. हरारी यांच्या 'नेक्सस'मधला (२०२४) चेटकिणींचा भाग माझ्या कामी आला. छापखाना आला आणि ज्ञान पसरलं, असं आपण सरसकट शिकवतो. त्याच छापखान्यातून पंधराव्या शतकात चेटकिणी शोधून काढण्याचं पुस्तकही निघालं आणि त्याने युरोपातल्या छळाला खतपाणी घातलं. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, छापणाऱ्याला काही झालं का?" पुढचा सगळा तास त्या प्रश्नावर गेला. बाकी पुस्तकाचा उत्तरार्ध मी रेटून संपवला. एआयच्या धोक्याचा एकच मुद्दा वेगवेगळे कपडे घालून येत राहतो.

*

डोळ्यांच्या त्रासामुळे मी हल्ली पुस्तकं ऐकतो. अब्राहम वर्गीस यांचं 'द कव्हनंट ऑफ वॉटर' (२०२३) त्यांच्याच आवाजात आहे. छापील पानं सातशेच्या वर, त्यामुळे डोळ्यांनी मी या वाटेला गेलोच नसतो. केरळमधलं कुटुंब, १९०० ते १९७७, आणि दर पिढीत कुणीतरी पाण्यात बुडून जातं. योगायोग जरा जास्तच आहेत. पण बाराव्या वर्षी चाळिशीतल्या विधुराशी लग्न होऊन आलेली मुलगी बघता बघता घराचा कणा होते, ते ऐकताना फिरायला गेलेला मी घरी परतायचं विसरायचो.

*

मराठी पुस्तक अजून कसं कुणी घेतलं नाही? कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचा. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस.

आमचंही गाव धरणात गेलं. पुनर्वसनावर बोलणारे घर, जमीन आणि मोबदल्यावर बोलतात. गुरांचं काय झालं, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. नव्या वसाहतीत आमची एक गाय दावं तोडून सारखी जुन्या वाटेला लागायची. आजोबा तिला आणायला जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. ते तिकडे एवढा वेळ काय करत असतील, हे मला 'रिंगाण' वाचताना उमगलं. भाषा जड जाते असं काही जण म्हणतात. पहिली काही पानं मोठ्याने वाचा, कानाला लय सापडली की पुढे अडत नाही.

*

'हार्ट लॅम्प', बानू मुश्ताक. १९९० ते २०२३ या काळातल्या बारा कन्नड कथा, इंग्रजी अनुवाद दीपा भस्ती यांचा, २०२५ चं इंटरनॅशनल बुकर. सलग वाचू नका. चार कथांनंतर दुःखं एकमेकांत मिसळायला लागतात आणि कथांवर अन्याय होतो.

शीर्षककथेत नवऱ्याने दुसरीशी संबंध जोडला म्हणून मेहरुन माहेरी येते, आणि भाऊच तिला परत नेऊन सोडतात. मला नवऱ्यापेक्षा भावांचा संताप आला. ते दुष्ट नाहीत, त्यांना फक्त प्रकरण मिटवायचंय. असे भाऊ मी पाहिलेत, चांगले शिकलेले. पुढे मेहरुन रॉकेल ओतून घेते तेव्हा तिला अडवायला धावते ती तिची मुलगी सलमा. म्हणजे मोठ्यांनी झटकलेलं ओझं पुन्हा एका लेकरावरच. मायलेकींबद्दल वर ज्यांनी लिहिलंय, त्यांनी ही कथा जरूर वाचावी.

मूळ कन्नड वाचलेलं इथे कुणी आहे का? शेवटच्या कथेत बाई देवालाच म्हणते, एकदा बाई होऊन बघ. ती कन्नडमध्ये एवढीच तिखट आहे की आणखी?