ट्रंकेत नुसती जाहिरातींची पानं, साल कसं ओळखायचं?

शहापूरची नात

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या शहापूरचं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. माडीवर आज्जाची पत्र्याची ट्रंक निघाली. मला वाटलं, जमिनीचे कागद असतील. खरं आत नुसती जाहिरातींची पानं! गोष्ट नाही, कविता नाही, मुखपृष्ठ नाही. दीड-दोनशे सुटी पानं, एका कडेनं सुरीनं कापल्यासारखी, सुतळीनं बांधलेली.

काय काय आहे सांगू? जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, ३२ गोळ्यांची डबी १ रुपया. डोंगरे बालामृत. कामिनिया तेल, त्यातल्या बाईचे केस पार गुडघ्यापर्यंत. वेस्ट एंडची घड्याळं. गोदरेजचा साबण. 'अशक्तपणा'वरच्या औषधांची तर इतकी पानं, की नातवाला पुढं बसवून वाचायची सोय नाही. आणि लोखंडी नांगर; एका पानावर पत्ता बेळगांव, बाकीच्यांवर किर्लोस्करवाडी.

साल कुठंच नाही. किमती आण्यात, म्हणजे १९५७ च्या आधीची हे मलाही कळतं. त्याहून जवळ कसं जायचं? आणि आज्जानं नेमक्या जाहिरातीच का ठेवल्या असतील? ते बाइंडिंग करायचे, लायब्रऱ्यांची कामं घ्यायचे. पैसा जपून वापरणारा माणूस, व्ही.पी.नं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायच्या पार्सलानं, काही मागवलेलं कुणाला आठवत नाही.

कात्री-खळ

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. बाइंडिंग! मी गणपत गल्लीत चाळीस वर्षं हेच केलं. वर्षाचे बारा अंक बांधायला आले, की आधी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची. जाडी कमी होते, शिलाई नीट बसते, गिऱ्हाइकालाही तेच पाहिजे असायचं. आज लायब्रीत जुने खंड उघडा, मजकूर सगळा मिळेल, जाहिराती नाहीत. त्या आमच्या पायाखाली पडायच्या.

ती रद्दी आम्ही फेकत नव्हतो, ओ. पुठ्ठ्याला आतून अस्तर, पाठीला पट्टी, सगळं त्यातनं निघायचं. तुमच्या आज्जानंही त्यासाठीच बांधून ठेवली असणार. उगीच संग्राहक वगैरे म्हणू नका त्यांना, रागावले असते.

टिळकवाडी

अनुस्वार बघा की. 'कांही', 'येथें' असं असलं तर शंभर वर्षांपूर्वीचं समजायचं.

माळावरचा

टिळकवाडी, ते अनुस्वार १९६२ ला नियम बदलेपर्यंत चालू होते. माझ्या वडिलांची पत्रं तशीच आहेत. त्यावरनं साल ठरवाल तर पन्नास वर्षांनी चुकाल.

पत्ते बघा, ताई. तुमच्या हातात सगळ्यात चांगला पुरावा नांगराचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं दुकान बेळगावात, सायकलींपासून सुरुवात. पुढं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० साली त्यांना इथली जागा सोडावी लागली आणि औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर कारखाना गेला. आता गावात किर्लोस्कर रोड तेवढा राहिला. तेव्हा 'बेळगांव' पत्त्याचं पान १९१० चं नाहीतर त्याच्या आधीचं. दुसऱ्या पानांवर स्टेशनचं नाव वाचा. तिथल्या स्टेशनला आधी कुंडल रोड म्हणायचे, किर्लोस्करवाडी नंतर झालं.

त्या नांगराच्या जाहिरातीत मजकूर भरपूर असेल तर नवल नाही. लोखंडानं जमिनीला विष चढतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. घड्याळ नुसतं चित्र दाखवून विकता येतं, नांगराला आधी माणसाची भीती घालवावी लागते. पुढं त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे स्वतःचं मासिकच काढलं. दुसऱ्याच्या मासिकात पैसे भरून जागा घेण्यापेक्षा हा खटाटोप मला जास्त धोरणी वाटतो.

बाकीचं भराभर सांगतो. गोदरेजचा साबण साधारण १९१८ च्या पुढचा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील निघाला तर १९१६ नंतरचा, कारण काचेचा कारखानाच तेव्हाचा. रेल्वेचं नाव असलं तर नुसती 'सदर्न मराठा' १९०८ पर्यंत, त्यानंतर पुढं 'मद्रास' लागलं.

मासिक कुठलं ते कळायलाही वाट आहे. कोपऱ्यात बारीक टाइपात 'पत्र लिहिताना अमुक मासिकाचा उल्लेख करावा' असं आहे का? कुठल्या मासिकानं ऑर्डरी आणल्या हे दुकानदाराला त्यावरनं कळायचं. 'मनोरंजन' निघालं तर माझ्यासाठी वेगळं काढून ठेवा. १९०९ चा पहिला दिवाळी अंक त्यांचाच.

कात्री-खळ

आणि ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचा ठसा, बघा. एकच ब्लॉक वर्षानुवर्षं छापायचे. केस गुडघ्यापर्यंतची ती बाई दोन पानांवर असली तर कुठल्या पानावर रेघ तुटलीय ते भिंगानं पाहा. तुटकं ते नंतरचं.

शहापूरची नात

भिंग घेऊन काल रात्री बसले. तेलवाल्या बाईची सहा पानं आहेत, चार पानांवर कपाळाजवळची रेघ तुटलीय! 'मनोरंजन'चा उल्लेख तीन ठिकाणी आहे, काढून ठेवलीत. नांगराच्या दोन पानांवर कुंडल रोड आहे.

कात्री-खळ, रद्दीचं तुमचं बरोबर आहे. बऱ्याच पानांच्या पट्ट्या कापलेल्या आहेत, एका गोळ्यांच्या जाहिरातीचं नुसतं 'शक्ती' उरलंय. खरं नांगराच्या अकरा पानांना सुरी लागलेली नाही. ती वेगळी, खाकी कागदात गुंडाळलेली होती. आई ब्याण्णव वर्षांची, तिला फोनवर विचारलं. म्हणाली, "अगं, थोरले मामंजी तिथंच होते की कारखान्यात. कारखाना गेला तसे ते पण वाडीला गेले." आज्जाला थोरला भाऊ होता हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

माळावरचा, वाडीत जुन्या कामगारांची यादी कुठं बघायला मिळेल का? घर पाडणारे सोमवारी येणार आहेत आणि माळ्यावर अजून एक गाठोडं आहे. ते उद्या उतरवते.