तिन्ही पेपर वाचणारे जास्तीत जास्त किती, १०० की ६५?

दुपारची_बॅच
राज्यसेवेच्या सीसॅटची (पूर्वपरीक्षेतला गणित-बुद्धिमत्तेचा पेपर) तयारी चालू आहे, एका टेस्ट सिरीजमधलं गणित डोक्यातून जातच नाहीये. सोसायटीत २०० लोक, १२० मराठी पेपर वाचतात, ११० हिंदी, १०० इंग्रजी, आणि प्रत्येक जण निदान एक तरी पेपर वाचतोच. तर तिन्ही वाचणारे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? उत्तर दिलंय ० आणि ६५. आता इंग्रजीवाले १०० आहेत, ते सगळेच मराठी-हिंदीपण वाचत असतील की, मग १०० का नाही? वेन डायग्राम (एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं) काढला तर कप्पे सात आणि आकडे चारच, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

आकडेमोड
१०० टाकूनच बघा ना. इंग्रजीचे १०० तिन्हीत गेले, मग मराठीचे उरले २० आणि हिंदीचे १०, ते अगदी वेगवेगळे लोक धरले तरी १०० + २० + १० = १३० च होतात, बाकीचे ७० जण काय वाचतात? काहीच नाही. आणि गणितात तर सांगितलंय की प्रत्येक जण निदान एक वाचतो. ते एक वाक्य नसतं तर तुमचं १०० बरोबरच होतं, त्या एका वाक्याने उत्तर बदलतं म्हणून अशा गणितात आधी ते शोधायचं.

आता ६५ कुठून आले बघा. वेन डायग्राम जरा बाजूला ठेवा आणि रोज सकाळी टाकायच्या पेपरांचा गठ्ठा डोळ्यापुढे आणा. १२० + ११० + १०० = ३३० पेपर. आधी प्रत्येकाला एकेक देऊन टाका, २०० गेले, हातात उरले १३०. नेमके दोन वाचणारा त्यातला अजून १ घेतो, तिन्ही वाचणारा अजून २ घेतो. म्हणजे (नेमके दोनवाले) + २ × (तिन्हीवाले) = १३०. तिन्हीवाले जास्तीत जास्त हवेत तर दोनवाले शून्य करा, १३० भागिले २, ६५. सातही कप्पे भरायची गरजच पडत नाही.

सातारकर_गणित
वरची पद्धत एकदम बरोबर, मीपण मुलांना अशीच शिकवतो, फक्त एक सांगतो, ६५ आलं की लगेच टिक करू नका, आकडे बसतात का तेवढं बघा. इथे बसतात, फक्त मराठी ५५, फक्त हिंदी ४५, फक्त इंग्रजी ३५, मिळून १३५ आणि तिन्हीचे ६५, झाले २००. पण समजा आकडे १९० मराठी, १२० हिंदी, २० इंग्रजी असे असते तर? बेरीज तीच ३३०, उरलेले तेच १३०, पण इंग्रजी वाचणारेच २० म्हटल्यावर तिन्ही वाचणारे ६५ कुठून आणणार, उत्तर २०. त्यामुळे निम्मा आकडा आणि सगळ्यात लहान गट, दोन्हीत जो कमी त्याच्या वर जायचं नाही.

आणि कमीत कमी विचारलं की मी नेहमी न वाचणारे मोजतो. टक्क्यांचं गणित घ्या, ७०, ८०, ९० टक्के लोकांना तीन गोष्टी आवडतात. न आवडणारे ३०, २०, १०. हे सगळे वेगवेगळे लोक धरले की कुठे ना कुठे नकार देणारे ६० झाले, म्हणजे तिन्ही आवडणारे कमीत कमी ४० टक्के. तुमच्या गणितात न वाचणारे ८० + ९० + १०० = २७०, हे २०० च्या वरच गेले, म्हणून ०.

नववीच्या गणितात पहिलाच धडा संचांचा आहे, तिथलं दोन संचांचं सूत्र पाठ असतं सगळ्यांचं, पण त्यात छेद संच (दोन्हीत असणारे) किती ते ठरलेलं असतं. इथे तो आकडा मागेपुढे सरकू शकतो, म्हणून कमीत कमी, जास्तीत जास्त विचारलं की पोरं अडखळतात.

दुपारची_बॅच
गठ्ठ्याचं एकदम क्लिअर झालं, खूप थँक्यू दोघांना! मग ह्याच गणितात नेमके दोन वाचणारे जास्तीत जास्त विचारले तर १३० ना?

आकडेमोड
हो, तिन्हीवाले शून्य केले की १३०. सातारकर सर म्हणाले तसं बसवून बघा, मराठी-हिंदी ५०, हिंदी-इंग्रजी ४०, मराठी-इंग्रजी ४०, मग फक्त मराठी ३०, फक्त हिंदी २०, फक्त इंग्रजी २०. बेरीज २००. आणि १३० मधून नेहमी दोनाच्या पटीतच वजा होणार, त्यामुळे पर्यायात ८५ किंवा १११ दिसला तर तो डोळे झाकून काटा.