मदत हवी आहे: ऑफरोडचे बूट घातले की गिअर पडत नाही

चिखलफेक
नवीन बूट घेतलेत. भयंकर कडक. गिअर खाली पडतो, पण वर टाकताना बुटाचं टोक लिव्हरखाली शिरतच नाही. मागचा ब्रेक दाबला गेला की नाही तेही कळत नाही. वर नडगीला रुततंय. दुकानदार म्हणतो वापरा, होतील सैल. कधी होणार? माझ्याकडे तेवढा वेळ नाही. लवकर मऊ करायचा खात्रीचा उपाय सांगा. "आधी शोधा मग विचारा"वाल्यांनी लांबच राहा, शोधून झालंय.

टपरीवरचा
बसायला रुमाल टाकून ठेवतो. मलाही घ्यायचेत.

फुटपेग
बूट कुठले, गाडी कुठली, जायचंय कुठे, कधी? काहीच लिहिलं नाहीत. पंचांग बघून सांगायचं का?

चिखलफेक
गाडी हीरोची एक्सपल्स. बूट मोटोक्रॉसचेच (मातीतल्या शर्यतीचे), उंच, बकलवाले. ब्रँड सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. साइज ९. आता बोला.

करवीरकर
नवी कोल्हापुरी चावायला लागली की काय करतो आपण? तेल पाजतो आणि रात्रभर ठेवतो. बुटालाही तेच करा. घोट्यापाशी एरंडेल चोळा, आतून बाहेरून. सकाळी बघा फरक.

फुटपेग
करवीरकर, कोल्हापुरी कातड्याची असते हो. या बुटात बाहेर प्लास्टिकचे पत्रे, मधे मायक्रोफायबर, आत फोम. तेल पिणार कोण? उलट चिकटवलेलं सुटेल, आणि ते तेल तळव्याला लागलं तर पाय पेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) सटकेल. हेअर ड्रायर, उकळतं पाणी, उन्हात गच्चीवर ठेवणं, यातलंही काही करू नका.

करवीरकर
आमच्याकडे जावा मोटरसायकल होती तेव्हा साधे चामड्याचे बूट घालून आंबा घाट उतरायचो. तेल लावूनच मऊ केलेले. पायाला काही झालं नाही. आता सगळं प्लास्टिक, मग चावणारच.

नाना_४७
शेतातले गमबूट घ्या. पाणी आत येत नाही, किंमत किरकोळ, धुवायला सोपे. एवढे पैसे पायात घालायचे असतात का?

घाटवेडी
नाना, गाडी पायावर आडवी झाली की गमबूट पायातून निघून गाडीखाली राहतो आणि पाय बाहेर. घोट्याला त्याचा काडीचा आधार नाही.

धागाकर्ते, आधी बूट मऊ करायचा नाद सोडा. गाडी बुटाच्या मापाची करायची. साध्या बुटात आपण टाच पेगवर टेकवून नुसता घोटा वाकवतो आणि गिअर टाकतो. या बुटात घोटा वाकू नये म्हणूनच तर एवढं प्लास्टिक लावलेलं असतं. शिवाय टोकाशी जाडी खूप, त्यामुळे लिव्हर आणि पेगच्या मधल्या जागेत ते मावत नाही. लिव्हर थोडी वर घ्या. ती थेट शाफ्टवर बसवलेली असेल तर बोल्ट काढून एक दात वर बसवायची. मधे दांडी असेल तर दोन्हीकडचे लॉकनट सैल करून दांडी फिरवायची. दहा मिनिटांचं काम आहे.

मग गिअर टाकायची पद्धत. टाच पेगवरून उचलायची, गुडघ्यातून अख्खा पाय वर न्यायचा. पहिल्यांदा अगदी हत्तीसारखं वाटतं. बंद गाडीवर बसून सराव करा, रस्त्यावर नको. आणि एक सांगा, ९ कुठला? यूके की यूएस?

चिखलफेक
९ म्हणजे ९. ऑफिसचे बूट ९ घेतो तेच.

घाटवेडी
बुटाच्या जिभेवर आतल्या बाजूला लेबल असतं ते वाचा. मोटोक्रॉस बुटांवर बरेचदा यूएसचा आकडा मोठा छापलेला असतो. यूएस ९ म्हणजे आपल्याकडचा ८ च्या आसपास.

चिखलफेक
यूएस ९ लिहिलंय. पण बोटं लागत नाहीत पुढे, व्यवस्थित बसतो. साइजचा प्रॉब्लेम नाही.

फुटपेग
उभं राहून लागत नाहीत. पेगवर उभे राहून गुडघे वाकवा, मग सांगा. आणि संध्याकाळी बघा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. जाड मोजे घालून.

टपरीवरचा
एक्सपल्सला गिअर जड पडतो तो चेनमुळे पण असू शकतो. पावसात चेन पुसून ल्यूब मारत जा. क्लच केबलचा फ्री प्ले (मोकळी ढिलाई) पण बघून घ्या. मी घरी जुन्या टूथब्रशने करतो, फोटो टाकू का?

चिखलफेक
अहो चप्पल घालून गिअर लोण्यासारखे पडतात. चेनचा काय संबंध!

डांबरप्रेमी
मूळ प्रश्नच चुकतोय. मोटोक्रॉसचे बूट शर्यतीसाठी असतात, वीस मिनिटं पळवायचे आणि काढायचे. दिवसभर गाडी चालवून, मग हॉटेलचे दोन जिने, मग चहाच्या टपरीवर उभं राहणं, यासाठी ॲडव्हेंचर बूट असतात. फॉर्माचे टेरा इव्हो बघा, घोट्याशी वाकतात आणि पाणी अडवणारं अस्तर आहे. हे विकून टाका. जायचंय कुठे ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

चिखलफेक
हिमाचलमधलं स्पिती. मनाली, ग्रांफू, बातल, कुंझुम, काझा. सप्टेंबरमध्ये. त्याच्या आधी ताम्हिणीकडे सरावाला जातोय दर रविवारी.

डांबरप्रेमी
बघा! ग्रांफू ते बातल नाले आणि दगड. तिथे उतरून चालावं लागतं. तुमच्या बुटाचा तळवा सपाट असेल तर ओल्या गोट्यांवर बर्फावर उभं राहिल्यासारखं होईल.

फुटपेग
आणि नाल्यात गाडी आडवी झाली तर? मऊ बुटात घोट्याची काय अवस्था होते ते सांगतो. माझ्या मित्राला मुळशीच्या मागे साध्या ओढ्यात गाडी अंगावर आली, ॲडव्हेंचर बूट होते, घोट्यात प्लेट टाकली. कडक बूट चालायला त्रास देतो हे मान्य. हाड जोडायला त्याहून जास्त त्रास होतो. तळव्याचं म्हणाल तर एन्ड्युरोचे (रानावनातल्या लांब शर्यतींचे) बूट वेगळे मिळतात, अल्पाइनस्टार्सच्या टेक ७ मध्ये सुद्धा एन्ड्युरोचा प्रकार वेगळा आहे, तळव्याला खाचा असतात. तेवढ्यासाठी सगळ्यांना मऊ बूट घ्यायला लावू नका.

आणि "पाणी अडवणारं" म्हणजे काय? पाणी वरून शिरलं की तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पायात विहीर.

डांबरप्रेमी
एका मित्राच्या उदाहरणावर नियम करू नका. माझे कडक बूट होते, लेहला तिसऱ्या दिवशी मागे बसणाऱ्याच्या चपला घालून चालवली गाडी. घातलेलाच नाही तो बूट कसला सुरक्षित?

फुटपेग
तो बुटाचा दोष नाही, सवय न करता गेलात त्याचा आहे.

घाटवेडी
दोघांनी खाजगी खरड (निरोप) टाका एकमेकांना. कडकपणाच मोजायचा तर लेबलवर मोटरसायकलचं चित्र, ईएन १३६३४ (बुटांचं युरोपीय मानक) आणि खाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. उंची, घासणं, कापणं यांचे, आणि शेवटचा आकडा तळवा आडवा दाबला तर किती टिकतो त्याचा. घोटा मुरगळण्याबद्दल त्यात थेट काही कळत नाही, म्हणून नुसत्या आकड्यांवर भांडू नका.

नडगीला रुततंय म्हणालात. नेमकं कुठे? आणि आत काय घालताय?

चिखलफेक
काय म्हणजे, जीन्स. बुटात खोचतो. वरून नी गार्ड. वरचं बकल जेमतेम लागतं.

घाटवेडी
आता आलं बाहेर! जीन्सची जाड शिवण आणि घड्या नडगी आणि कडक प्लास्टिकच्या मधे सापडल्या की रुतणारच. पातळ स्टॉकिंगसारखी पँट किंवा गुडघ्यापर्यंतचे मोटोक्रॉसचे मोजे घाला. गार्डचा खालचा भाग बुटाच्या आत जाईल असा ठेवा आणि बकलचे पट्टे सैल करा. बहुतेक पट्टे दुसऱ्या बाजूने पुढेमागे सरकवता येतात, दुकानातून आलेले तसेच वापरायचे नसतात. खालचं बकल आधी, वरचं शेवटी, उभं राहून.

मग घरात घाला. जिने चढा-उतरा, उकिडवे बसा, टीव्ही बघत गाडीवर उभं राहतो तशी पोझ घ्या. रोज थोडा वेळ. वाकायचं ते घोट्याच्या बिजागरीपाशी, तिथलंच प्लास्टिक आणि अस्तर हळूहळू नरमतं. चुर्र चुर्र वाजलं तर बाहेरच्या बिजागरीला सिलिकॉन स्प्रे, तळव्यावर उडू देऊ नका. एकाच जागी फोड येत असेल तर तो मात्र सवयीने जात नाही, साइज किंवा आकारच चुकलाय समजा.

नाना_४७
घरात बूट घालून जिने? आमची ही घराबाहेर काढेल.

करवीरकर
नाना, तुम्ही गमबूट घालून चढा.

चिखलफेक
अपडेट. मेकॅनिककडून लिव्हर वर घेतली, गिअर आता पडतो. मोजेही आणले, नडगीचं बरंच कमी झालंय. मग त्याला म्हटलं ब्रेकचा पेडलही खाली घे, बुटाला नीट लागेल. घेतला त्याने. आता मागचा लाइट सतत चालू आहे. बल्ब गेला का?

फुटपेग
बल्ब गेला तर लाइट बंद होईल राव. पेडल खाली घेतला तशी ब्रेक लाइटची स्विच पण जुळवावी लागते, तिचा नट फिरवून. त्याआधी मागचं चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर पेडलला फ्री प्ले उरलेला नाही, ब्रेक घासतोय. तसं चालवू नका, घाटात डिस्क तापून ब्रेक गायब होईल.

चिखलफेक
थोडं अडकतंय. उद्या परत नेतो.

डांबरप्रेमी
अवांतर: ग्रांफू ते बातल सकाळी लवकर पार करा. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं. बूट कुठलाही असो.

टपरीवरचा
कुणाकडे यूएस ८ चे जुने विकायचे आहेत का? बिजागरी वाजत असली तरी चालेल. पिंपरी-चिंचवडमध्ये असल्यास उत्तम.