‘कमी चाललेली’ म्हणजे चांगली, हे कोणी ठरवलं?

नटबोल्ट:

“वापरलेली परफॉर्मन्स गाडी घेताना तीनच गोष्टी बघा: रीडिंग कमी, मालक एक, रंग मूळ. बाकीची तपासणी म्हणजे मेकॅनिक लोकांनी घातलेली भीती.” परवा ‘शून्य ते शंभर’ यांनी हे लिहिलं आणि खाली रांगेने +१ लागले. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

बारा वर्षांत १४,००० किमी झालेली गाडी घ्या. वर्षाला बाराशेही नाहीत. ती पंधरवड्यातून एकदा बाहेर निघते, दहा मिनिटं फिरते आणि परत कव्हरखाली जाते. पाण्याचा काटा पाच मिनिटांत मधोमध येतो, तेलाला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. तेल पुरतं तापलंच नाही, तर त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही, चेंबरमध्येच (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) मुरतं. सायलेन्सर आतून गंजतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतच राहतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. गाडी किती चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. टायमिंग बेल्ट तर वर्षंच मोजतो. फेरारी एफ३५५ चा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, मग गाडी रोज पळवा नाहीतर शोकेसमध्ये ठेवा.

आणि टायर. बाजूच्या भिंतीवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत, जाहिरातीत लिहायचं ‘टायर ९० टक्के’, आणि रबर झालेलं लाकूड. असल्या टायरवर ४०० अश्वशक्ती सोडून बघा, पहिल्याच ओल्या वळणाला कमी रीडिंगचं काय ते कळेल.

शून्य ते शंभर:

माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभारी आहे.

तुम्ही मोजलेली प्रत्येक गोष्ट बदलता येते. बेल्ट, टायर, ब्रेक ऑइल, होस पाइप, बुश, सगळं. यादी करायची, खर्च काढायचा, भावातून वजा करायचा. सिलिंडरच्या बोअरची झीज अशी वजा होते का? सिंक्रो रिंगा, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह गाइड, टर्बोचा शाफ्ट? दीड लाख किमी पळालेल्या गाडीत हे सगळं अर्धं आयुष्य संपवून बसलेलं असतं आणि बाहेरून दिसत नाही. रबर म्हातारं झालं तर रबर बदला. लोखंड म्हातारं झालं तर इंजिन काम. निवड सोपी आहे.

तेलकट बोटं:

दोघंही रीडिंगचा आकडा खरा धरून भांडताय, हे गोड आहे.

आधी तो आकडा तपासा. मीटरमधला बदलणं सोपं, पण तोच आकडा एबीएस, गिअरबॉक्स, काही गाड्यांत किल्लीतही साठलेला असतो. चांगल्या स्कॅनरने सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) वाचा, एकात जरी जास्त निघाला तर तिथेच नमस्कार करून निघा. जिथे इंजिनाचे तास मिळतात तिथे भागाकार करा. ६०,००० किमीला ३,००० तास म्हणजे सरासरी ताशी २०. ही गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहून म्हातारी झालीय. तेवढ्याच किमीला १,००० तास असतील तर ती मोकळ्या रस्त्याची गाडी, आणि मी डोळे झाकून दुसरी घेईन.

पोर्शे ९९७ मध्ये तर ओव्हररेव्हची (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरल्याची) नोंद सहा पट्ट्यांत मिळते, शेवटची कितव्या तासाला झाली तेही. पहिल्या दोन पट्ट्यांतले आकडे बघून घाबरू नका, लिमिटरला (फेरे मर्यादेवर रोखणाऱ्या यंत्रणेला) टेकलं की ते वाढतातच. चार ते सहा रिकाम्या हव्यात. आणि ती संख्या ‘किती वेळा’ नसते, प्रज्वलनं असतात. ७,५०० आरपीएमला सहा सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ३७५ प्रज्वलनं करतं. म्हणजे १,००० चा आकडा तीन सेकंदांचाही नाही.

चौथा गिअर:

+१. चुकीचा गिअर पडला की लिमिटर काही वाचवू शकत नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर त्याला कोण अडवणार? होंडा एस२००० च्या सुरुवातीच्या एफ२०सी इंजिनात ९,००० ची रेडलाइन (फेऱ्यांची मर्यादा) आणि व्हॉल्व्हचे रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकत्या) नाजूक. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला की रिटेनरला तडा जातो आणि कधीकधी इंजिन तसंच कित्येक महिने चालतं. व्हॉल्व्ह कव्हर काढून क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) मोजा: इनटेक ०.२१ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९. कव्हर निघालंच आहे तर टॉर्च मारून रिटेनर प्रत्येक स्प्रिंगवर सारखाच बसलाय का बघा. एखादा खाली धसलेला दिसला तर तिथेच थांबा. या गाडीत कमी रीडिंगने काय सिद्ध होतं? चूक करायला एक सेकंद पुरतो.

मनाविरुद्ध विक्रेता:

अवांतर होईल, पण विकणाऱ्याचंही ऐका. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब) हवी, लीकडाऊन (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते) हवी, चेंबर उघडून दाखवा, आणि टेस्ट ड्राइव्हला बसल्या बसल्या थंड इंजिनावर लाँच कंट्रोल! तेल ८० अंशांवर गेल्याशिवाय ३,००० च्या वर जायचं नाही, एवढं ज्याला सांगावं लागतं त्याला चावी देऊच नये. रंग मोजायचं यंत्र घेऊन येणारे तर वेगळीच जमात. मूळ रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. बॉनेटवर ३०० दिसले की “अपघात!” म्हणून ओरडतात. अहो, वर पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) आहे, ती एकटीच दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते. कडेला नख लावून बघा. आणि बंपर प्लास्टिकचा, तिथे ते यंत्र काय वाचणार, कपाळ?

नटबोल्ट:

पीपीएफचं मान्य. पण गिऱ्हाईक पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवणारे विक्रेतेही याच जगात राहतात. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवायचा, कोमट लागलं तर चहा घेऊन उद्या या. चेनचा खडखडाट, निळा धूर, आळशी टेंशनर हे सगळं थंड स्टार्टच्या पहिल्या दहा सेकंदांत कळतं. फक्त माझदा आरएक्स-८ ला (तिच्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) उलटं: तिला पूर्ण तापवून बंद करा आणि लगेच सुरू करा. रोटरीचं कॉम्प्रेशन गेलं की ती गरम असतानाच रुसते. आणि तिला साधा कॉम्प्रेशन गेज लावू नका, तो रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचाच आकडा धरून बसतो. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो आणि आकडे २५० आरपीएमला जुळवून वाचायचे असतात.

दहाडब्ल्यूसाठ:

सगळं ठीक, पण खरा प्रश्न कोणी काढलाच नाही. बीएमडब्ल्यू ई९० पिढीची एम३, एस६५ इंजिन. रीडिंग ३०,००० असो की दीड लाख, रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टला, जिथे जोडतो तिथली) बदललीत का? बिल नसेल तर घेऊ नका. विषय संपला.

शून्य ते शंभर:

आली वरात! कुठलाही धागा असो, तिसऱ्या वळणावर रॉड बेअरिंग. धडधाकट माणसाचं पोट फाडून “आत सगळं ठीक आहे ना” हे बघण्याचा हा प्रकार आहे. नेटवर झिजलेल्या शेलचे (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यांचे) फोटो दिसतात कारण उघडणारेच फोटो टाकतात. न उघडता दीड लाख पळालेल्यांचा फोटो कसला काढणार?

दहाडब्ल्यूसाठ:

पोट फाडण्याची उपमा तुमची, आकडे माझे. बेअरिंगच्या फटीचा ठोकताळा: जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दर मिलिमीटर व्यासाला एक मायक्रॉन. इथे जर्नल ५२ मिमी, म्हणजे साधारण ५० मायक्रॉन हवेत. या इंजिनात मोजलेली फट त्याहून बरीच कमी निघते. त्यात १०डब्ल्यू-६० सारखं जाड तेल, थंड इंजिन आणि ८,४०० पर्यंत फिरायची सोय. तेल शिरायला जागाच नाही. म्हणूनच कंपनीने टॅकोमीटरवर तापमानाबरोबर सरकणारी रेडलाइन दिली. ती शोभेची नाही.

आणि आवाज येईपर्यंत थांबायचं म्हणाल, तर आवाज येतो तेव्हा क्रँक गेलेला असतो. शेलचा संच आणि क्रँक यांच्या किमतीतला फरक मी सांगायला नको. या इंजिनाच्या आधीच्या एस५४ ला तर २००१ ते २००३ च्या गाड्यांसाठी कंपनीनेच बेअरिंग बदलायची मोहीम काढली होती. तेव्हाही “नेटवरची भीती”च होती का?

तेलकट बोटं:

एस५४ आणि एस६५ एका माळेत ओवू नका.

पण काम काय असतं ते लिहितो, म्हणजे दोन्ही बाजू जमिनीवर येतील. इंजिन वरून आडव्या बारला टांगायचं, पुढची सबफ्रेम खाली घ्यायची, चेंबर काढायचा, मग आठ रॉड एकेक करून. सोळा शेल. मूळ रॉड बोल्ट ताणून बसणारे, एकदाच वापरायचे; टॉर्कनंतर अंशात फिरवायचे, ‘अंदाजाने’ नाही. रॉडची टोपी फिरवून किंवा दुसऱ्या रॉडवर बसली की संपलं, जोडी ठरलेली असते. पिकअपच्या नळीचं सील चिमटलं तर तेल ओढलंच जात नाही आणि नवी बेअरिंग पहिल्याच मिनिटाला जातात. शेवटी सबफ्रेम काढल्यावर अलाइनमेंट आलीच. म्हणून ‘बेअरिंग बदलली’ हे बिल बघून खूश होऊ नका. कोणी बदलली, कुठले शेल, कुठले बोल्ट आणि काढलेले जुने शेल कुठे आहेत, हे विचारा. जुने शेल क्रमाने ठेवले नसतील तर त्या बिलाची किंमत माझ्या लेखी निम्मी.

शून्य ते शंभर:

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. चुकीच्या हातात हे काम रोगापेक्षा वाईट. तेलाची लॅब टेस्ट करा, शिसं-तांबं वाढलं तर उघडा. साधा मार्ग.

दहाडब्ल्यूसाठ:

साधा मार्ग! शिसं-तांब्याचे शेल सुरुवातीच्या गाड्यांत. नंतरच्यांत कथील-ॲल्युमिनियम. त्या गाडीच्या रिपोर्टात शिसं शून्य येईल आणि तुम्ही पेढे वाटाल. कुठल्या काळातली गाडी, कुठला शेल, हे माहीत नसताना लॅबचा कागद म्हणजे नुसता कागद. शिवाय विकायच्या आठवड्यात ताजं तेल भरलं तर कसला नमुना घेणार? अभ्यास करून या.

शून्य ते शंभर:

‘अभ्यास करून या’ हे शिकवणीला आलेल्या पोरांना सांगा. इथे मोठी माणसं बोलतायत.

चौथा गिअर:

आवाज खाली घ्या दोघांनी. ताजं तेल असेल तर फिल्टर आहे ना. जुना फिल्टर मागा, नसेल तर पुढच्या बदलाचा. कागदाच्या घड्या कापून उजेडात धरा आणि खालून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, न चिकटता चमकलं ते बेअरिंग. लॅबचा एकच रिपोर्ट कुठल्याच बाजूने वापरू नका. साधारण सारख्या किमीवर घेतलेले तीन असतील तर चढ-उतार दिसतो.

आणि बेअरिंगच्या नादात बोअर विसरलात. पोर्शेच्या ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ ला सगळे इंटरमिजिएट शाफ्टचं (क्रँक आणि कॅमच्या मधल्या शाफ्टचं) बेअरिंग विचारतात. ते टर्बो आणि जीटी३ मध्ये नाहीच, तिथे वेगळं इंजिन. २००९ पासून तर शाफ्टच गेला. पण साध्या इंजिनात बोअरला ओरखडे पडतात आणि कॉम्प्रेशन तरीही ठीक येऊ शकतं. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर दिसतो वरचा भाग, ओरखडे असतात खाली. चेंबर काढून खालून बघावं लागतं. एका बाजूची सायलेन्सरची नळी दुसरीपेक्षा काळी असेल तर ते आधी करा.

मनाविरुद्ध विक्रेता:

म्हणजे मी अनोळखी माणसाला माझ्या गाडीचा चेंबर काढू द्यायचा. वा. बयाणा कोण देणार, गॅस्केट कोण, आणि व्यवहार फिसकटला तर परत कोण बसवणार? हे लिहून घेतल्याशिवाय मी तर स्पॅनरसुद्धा लावू देणार नाही.

तेलकट बोटं:

रास्त आहे. बयाणा, तपासणीचा खर्च घेणाऱ्याचा, जागा तिसऱ्याची, आणि कुठला दोष निघाला तर बयाणा परत हे आधीच कागदावर. एवढं झालं की लीकडाऊनला नाही म्हणायचं कारण उरत नाही. १० टक्क्यांच्या आत छान, २० च्या वर प्रश्न विचारा, आणि टक्क्यांपेक्षा हवा कुठून फुसफुसते ते ऐका. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर गॅस्केट.

स्कॅनर लावलाय तोवर रेडीनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते) बघा. अर्धे ‘अपूर्ण’ असतील तर कोणीतरी सकाळीच बिघाडाचे कोड पुसलेत. कोड पुसल्यापासून किती किमी झाले तेही बहुतेक गाड्या सांगतात. ‘स्टेज टू’ (ताकद वाढवायला केलेले बदल) उतरवून ‘कंपनी फिटेड’ म्हणून विकायला काढलेल्या निम्म्या गाड्या इथेच पकडल्या जातात. उरलेल्या इंटरकूलरच्या चकचकीत नव्या क्लॅम्पवरून.

नटबोल्ट:

धागा रीडिंगचा होता, आठवण करून देतो. २.० टीएफएसआयच्या जुन्या गोल्फ जीटीआयमध्ये इंधन पंपाखालचा कॅम फॉलोअर (कॅम आणि पंप यांच्यामधली टोपी) बघायला तीन बोल्ट काढावे लागतात. तो झिजून भोक पडलं की पंप आणि कॅम दोन्ही जातात. ९०,००० झालेली, दर २०,००० ला फॉलोअर बघितल्याची नोंद असलेली गाडी, आणि २५,००० झालेली पण त्याला कधी हातच न लावलेली. ‘शून्य ते शंभर’, कुठली घ्याल? एका शब्दात.

शून्य ते शंभर:

एका शब्दात: पंचवीसवाली. तीन बोल्ट काढून बघेन, झिजलेला निघाला तर नवा टाकेन.

पण ठीक आहे, माझी यादी सुधारतो, म्हणजे तुम्हा सगळ्यांना रात्री झोप लागेल. एक: कागद. दोन: थंड स्टार्ट. तीन: मॉड्यूलमधले आकडे. चार: रीडिंग. ‘मालक एक’ काढत नाही, त्यावर वेगळा धागा काढा. रॉड बेअरिंग यादीत येणार नाही, म्हणजे नाही.

दहाडब्ल्यूसाठ:

नका घेऊ. क्रँक मिळाला तर कळवा.

तेलकट बोटं:

@दहाडब्ल्यूसाठ, ते राहू दे. कथील-ॲल्युमिनियमच्या शेलला तेच मूळ बोल्ट की बाहेरच्या कंपनीचे टाकता? बाहेरच्यांना अंशात फिरवत नाहीत, ताण मोजून बसवतात, आणि लोक सर्रास दोन्हींना एकच आकडा लावतायत.