वेल्समधल्या जुन्या शेतघराचे वय भिंतीवरून ठरवायचे की छपरावरून?

प्रश्न – वास्तुजिज्ञासू

कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स येथील संग्रहालयात वेल्सच्या निरनिराळ्या भागांतून उतरवून आणून पुन्हा उभारलेली शेतघरे नुकतीच पाहिली. रायडरकडच्या डोंगराळ भागातून आलेल्या किलेवेन्ट या घराची दोन साले सांगितली जातात, मूळ बांधणी सुमारे १४७० ची आणि पुनर्बांधणी १७३४ ची. दगडी भिंती अठराव्या शतकातल्या असतील, तर ते घर पंधराव्या शतकातले कसे म्हणायचे? अशा घरांच्या छपरातली लाकडे काळी पडलेली असतात, ती आगीमुळे का? आणि माणसे व गुरे एकाच छपराखाली राहत असतील, तर गोठा कोणत्या टोकाला ठेवायचा हे कशावरून ठरत असे?

प्रतिसाद १ – आढे-वासे

या घरांच्या बाबतीत भिंतीपेक्षा छपरावर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण बांधणीतच आहे. ओकचे नैसर्गिकरीत्या वाकलेले खोड मधोमध चिरून त्याची दोन पाती समोरासमोर अशी उभी करीत की ती खाली जोत्याजवळ टेकत आणि वर आढ्याशी एकमेकांना मिळत. एकाच खोडाची असल्यामुळे दोन्ही पात्यांचा बाक सारखा येई. दोन जोड्यांमधली जागा म्हणजे घराचा एक खण. छपराचा सारा भार या जोड्यांवर असल्यामुळे भिंती केवळ आडोशाच्या, बहुधा कुडाच्या असत. त्यामुळे दोनशे वर्षांनी कूड काढून त्या जागी दगडी भिंत रचली, तरी डोक्यावरचा सांगाडा जागचा हलवावा लागत नसे. किलेवेन्टची दोन्ही साले म्हणूनच खरी आहेत.

काळेपणाचे म्हणाल, तर तो बहुतेक वेळा चुलीच्या धुराचा असतो. डेन्बीशायरमधून आणलेल्या, १५०८ च्या सुमाराच्या हेंद्रेर-अवुइद इखाव या घरात धुराडे नाही आणि खिडक्यांना काचही नाही. दालनाच्या मध्यभागी जमिनीवरच विस्तव पेटे आणि धूर छपरातून व फटींतून वाट काढीत बाहेर जाई. अशा धुराचा थर वाशांवर सर्वत्र सारखा बसतो. उलट आगीत सापडलेले लाकूड कोळसते आणि त्याच्या पृष्ठभागावर चौकोनी भेगा पडतात. हा फरक जवळून पाहिल्यास सहज ओळखू येतो.

मॉनमथशायरमधल्या लुइन केलिन या १४२० च्या घरात सतराव्या शतकाच्या अखेरीस उंच दालनात मधला मजला घातला गेला. असे बदल झालेल्या घरांत खालच्या खोलीत बसणाऱ्याला जुन्या दालनाची कल्पनाही येत नाही, परंतु माळ्यावर चढले की काजळी धरलेली लाकडे दिसतात आणि तिथे एके काळी खालपासून आढ्यापर्यंत मोकळी जागा होती हे कळते.

प्रतिसाद २ – डोंगरउतार

गोठ्याबद्दल लिहितो. लांबट शेतघर शक्यतो उताराच्या दिशेने बांधीत, म्हणजे त्याचे एक टोक वर आणि दुसरे खाली येई. गोठा खालच्या टोकाला असे, कारण तसे केल्याने गोमूत्र आणि सांडपाणी माणसांच्या बाजूला न येता आपोआप बाहेर वाहून जाई. दोन्ही भागांच्या मध्ये आडवी बोळ असे. तिच्यातून घरात शिरायचे आणि तिथूनच गुरांना वैरण घालायची. पुढे अनेक ठिकाणी गुरे वेगळ्या इमारतीत गेली आणि गोठ्याच्या जागी खोल्या झाल्या, म्हणून सध्याच्या वापरावरून जुना आराखडा ओळखू जाऊ नये.

मात्र वेल्समधले प्रत्येक जुने शेतघर या प्रकारचे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. वायव्येकडे स्नोडोनियाच्या परिसरात सोळाव्या शतकातच दुमजली दगडी घरे उभी राहू लागली होती. बायबलचा वेल्श अनुवाद १५८८ मध्ये प्रसिद्ध करणारे बिशप विल्यम मॉर्गन यांचे जन्मस्थान मानले जाणारे टी मौर वुइबरनांट हे घर त्याच परंपरेतले आहे.

प्रतिसाद ३ – चुनखडी

लाकूड कोणत्या वर्षाचे हे ठरवण्याची पद्धतही इथे नोंदवतो. खोडातली वर्षवलये मोजून, त्यांच्या रुंदीचा क्रम वर्षे आधीच माहीत असलेल्या क्रमाशी जुळवतात. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे नेमके सांगता येते. ओक ओला असतानाच तासत, म्हणून तोडणी आणि बांधणी यांत सहसा फार अंतर नसे. याच कारणासाठी लाकूड घासून स्वच्छ करण्याच्या मोहाला माझा तीव्र विरोध आहे, कारण त्यात काजळी जाते आणि कडेचे वलयही जाते.

भिंतींवर सिमेंटचा गिलावा करणे तितकेच घातक आहे. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते, सिमेंटमध्ये ती अडते आणि आत टेकलेल्या लाकडाचे टोक कुजू लागते.

प्रश्नकर्ता – वास्तुजिज्ञासू

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. गावर द्वीपकल्पातून आणलेल्या, १६१० च्या केनिक्स्टन घराच्या लाल भिंतींविषयीही विचारायचे राहिले होते. तो रंग केवळ शोभेसाठी होता का?

प्रतिसाद ४ – आढे-वासे

नाही. लाल रंगामुळे दुष्ट शक्ती घरापासून दूर राहतात अशी तिथल्या लोकांची समजूत होती. त्या घरात मात्र रंगापेक्षा कपाटासारखा बंद करता येणारा लाकडी पलंग अधिक बारकाईने पाहावा. त्या पलंगाने थंडीपासून बचाव होई आणि एकाच खोलीत झोपणाऱ्यांना थोडा आडोसाही मिळे. तेही घर १६१० नंतर सुमारे १६८० आणि १७५० मध्ये वाढवलेले आहे, त्यामुळे पुन्हा गेलात तर कोणता भाग केव्हाचा, हे आधी छपराच्या जोडांवरून ताडून पाहा.